बिनगव्हाचा पाव

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आमचे हे आधी हसले. म्हणाले, "म्हणजे मासोळीला पाणी बाधतंय म्हणा की."

डॉक्टर तरुण होते. समोर कोण बसलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "यांची बेकरी होती हो. सगळा जन्म पाव भाजण्यात गेला. गुडघे बोलायला लागले तेव्हा भट्टी बंद केली." त्यावर डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून समजावून सांगितलं. देव त्यांचं भलं करो, पेशंटसाठी खुर्ची पुढे ओढणारे डॉक्टर आता थोडेच राहिलेत.

गव्हात एक चिवट द्रव्य असतं, ग्लुटेन म्हणतात त्याला. कणीक ताणली तरी तुटत नाही, ती त्याच्या जोरावर. तेच द्रव्य यांच्या आतड्यांना सोसत नव्हतं. आतलं अस्तर झिजून सपाट झालं होतं, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. सदरे खांद्यावरून उतरायला लागले होते ते वयामुळे असं आम्ही समजत होतो, ते यामुळे. आणि हे कमी होतं म्हणून की काय, रक्तातली साखरही वाढलेली. तेव्हा गहू तर बंदच, पण तांदूळ, मका, बटाटा हेही बेतानं.

"अगदी कणभर चालेल का?" यांनी विचारलं.

"कणभरही नाही काका. कण पोटात गेला की आतडं पुन्हा बिघडलंच. पुढच्या तपासणीपर्यंत वजन असंच उतरत राहिलं, तर दवाखान्यात ठेवून नळीतून पोषण द्यावं लागेल."

घरी आल्यावर दारात चपला काढताना हे म्हणाले, "पावाशिवाय जेवण म्हणजे देवाशिवाय देऊळ. घंटा वाजवायची कुणासाठी?"

आणि त्या दिवसापासून त्यांनी टेबलावर बसणं सोडलं. आम्ही जेवायला बसलो की हे गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मी अंडी उकडून द्यायची, भाजी परतून द्यायची, मासा द्यायची. हे दोन घास घेऊन ताट सरकवायचे. "पोट भरलं." कसलं भरलं? मनच रिकामं असेल तर पोट भरून काय उपयोग.

आता सूनबाईचं सांगते, कारण ही हकिगत खरं तर तिचीच आहे.

आमची सून लिफ्ट दुरुस्त करते. मोठमोठ्या इमारतींत लिफ्ट अडकली की तिला फोन येतो, आणि ही पोरगी कमरेला पट्टा बांधून त्या अंधाऱ्या विहिरीसारख्या जागेत उतरते. घरी आल्यावर हात घासघासून धुते, तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहतेच. आमच्या यांच्या नखांच्या कडेला जन्मभर पांढरी रेघ असायची. मुलगा लग्न करून तिला घरी घेऊन आला तेव्हा यांनी तिचे हात पाहून म्हटलं होतं, "चला, घरात आता दोन्ही रंग झाले."

स्वयंपाकाची तिला फारशी हौस नव्हती. चहा चांगला करते, बाकी देवाच्या भरवशावर. म्हणून एका संध्याकाळी ती गॅलरीत गेली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी पाव मी करणार," तेव्हा मीसुद्धा हातातली पळी तशीच धरून उभी राहिले.

"तू?" हे म्हणाले. "तुझ्या हाताला ग्रीसचा वास येतो."

"साबण लावते की."

"पोरी, लिफ्ट निराळी, पाव निराळा."

"दोन्ही वरच जातात ना बाबा?"

हे हसले नाहीत. पण गॅलरीतून वळून तिच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसांत तेवढंही खूप होतं.

पहिला पाव तिनं तांदळाच्या पिठाचा केला. तो ओव्हनमधून काढून टेबलावर ठेवला तेव्हा टेबल हललं. मुलगा म्हणाला, "हा ठेव, गॅलरीचं दार वाऱ्यानं आपटतं त्याला टेकण होईल." वर त्या दोन कापांनी यांची साखर अशी चढली की डॉक्टरांनी फोनवरच कान उपटले. मग ती बदामाकडे वळली. सोललेले बदाम मिक्सरमध्ये घातले आणि लिफ्टचं मशीन चालवावं तसं बटण दाबून धरलं. पिठाऐवजी झालं बदामाचं लोणी. दुसऱ्या वेळी थांबत थांबत फिरवलं, चाळलं, राहिलेलं पुन्हा फिरवलं, तेव्हा कुठे पीठ म्हणण्यासारखं पीठ पडलं. त्यात जवसाची पूड, अंडी, थोडं दही, बेकिंग पावडर, मीठ. आणि सगळं धरून ठेवायला इसबगोल.

इसबगोलाचं पाकीट पाहून यांना राहवलं नाही. "हे पोट साफ करायचं औषध पावात?"

"सगळा खटाटोप पोटासाठीच चाललाय ना बाबा."

"अगं पण कशाला?"

तिनं एका वाटीत चमचाभर इसबगोल घेऊन वर पाणी ओतलं आणि वाटी यांच्यासमोर ठेवली. बघता बघता त्याचा चिकट गोळा झाला. "गव्हातला धरून ठेवणारा गेला. मग त्याच्या जागेवर कुणीतरी बदली कामगार नको?"

यांनी तो गोळा बोटानं दाबून पाहिला. दोन बोटांत ताणून पाहिला. वाटी लगेच खाली ठेवली नाही.

या पावाची रीतच वेगळी. मळायचं नाही, फुगायला झाकून ठेवायचं नाही. कालवलं की साच्यात, साच्यातून ओव्हनमध्ये. जन्मभर पहाटे उठून कणीक मळलेल्या माणसाला हे कसं पटावं? "हा पाव नव्हे, ही घाई आहे," म्हणाले. ती म्हणाली, "माझी ड्यूटी आठाला असते बाबा, मला घाईचाच पाव परवडतो."

तिचे पाव पडायचे. मध्ये खचायचे, आत ओले राहायचे, एकदा तर जवसाच्या पुडीनं असा काळपट रंग धरला की मुलानं त्याला बूट पॉलिश करून आणू का विचारलं. वन्संना, म्हणजे यांच्या बहिणीला, फोनवर सगळी खबर जायची. त्या म्हणाल्या, "बदामाचा पाव? मग तुम्ही काय मोती कुटून खाता वाटतं?" सूनबाई सगळं ऐकून घ्यायची, पडलेल्या पावाचा काप काढून खिडकीत उजेडाला धरायची, भोकं कुठे मोठी आहेत, ओल कुठे आहे ते बघायची, आणि पुढच्या खेपेला एकच गोष्ट बदलायची. दोन नाही, एकच. मी एकदा म्हटलं, "अगं सगळंच थोडं थोडं बदलून बघ." तर म्हणाली, "मग कशानं फरक पडला ते कसं कळणार, आई?"

मला हे मनापासून आवडलं. भक्ती म्हणून वेगळं काय असतं? पडलं तरी उठायचं आणि उद्या पुन्हा तिथंच उभं राहायचं. वर तोंडानं कुरकुर नाही.

अडचण एकच उरली होती. पाव साच्याला चिकटायचा, काढताना तळ फाटायचा. तेव्हा ती यांच्याकडे गेली. "बाबा, साचा तयार करायचं काम तुम्ही घ्या. मला जमत नाही."

खरं सांगते, मला तेव्हा तिचे पाय धरावेसे वाटले. तिला जमलं नसतं असं नाही. पण तिनं त्या माणसाला गॅलरीतून उठवून स्वयंपाकघरात आणलं. यांनी माळ्यावरून आपले जुने साचे काढले. भट्टीच्या धगीनं निळसर झालेले, काळे, गुळगुळीत. पुसले, कोपरे बोटानं तपासले. आणि त्या दिवसापासून तिची पाठ वळलेली असायची, ती ओट्यावर अंडी फेटत असायची, आणि हे ओव्हनजवळच्या फळीपाशी उभे राहून साचा तयार करायचे. बोलत बोलत. कधीचं कुठलं गिऱ्हाईक, कुठली भट्टी फुटली, कोण शिकाऊ पोरगा पळून गेला. सगळं निघायचं.

आणि पाव सुटायला लागला. साचा उलटा केला की अलगद खाली यायचा. वर सोनेरी, मधोमध एक भेग, आत बारीक जाळी. भाजलेल्या बदामाचा वास जिन्यापर्यंत जायचा. गरम असताना कापू नका म्हणून ती ओरडून थकायची, कारण गरम कापला की आत चिकट लागतो, पण मुलगा ऐकेल तर शपथ. यांनी पहिल्या दिवशी एक काप खाल्ला. लोणी लावून, टेबलावर बसून. दुसऱ्या दिवशी दोन. मी ताटापुढे हात जोडले. म्हटलं, देवा, आता दृष्ट नको लागू देऊस.

आठवडा सरला नाही तोच यांचं पोट पुन्हा दुखायला लागलं.

आधी वाटलं, नवीन आहे, रुळेल. पण रुळेना. कळ यायची, फुगायचं, शौचाला पळावं लागायचं. वजनाचा काटा आणखी खाली. डॉक्टर म्हणाले, गहू कुठून तरी जातोय. तपासणीची तारीख जवळ येत चालली होती, आणि नळीचं नाव घरात कुणी काढत नसलं तरी प्रत्येकाच्या तोंडावर तेच दिसायचं.

सूनबाईनं पाव एकेका भागात सोडवला. बेकिंग पावडरमध्ये गव्हाचं सत्त्व मिसळलेलं असू शकतं म्हणून डबीवरचं वाचून वेगळी आणली. मिक्सरच्या भांड्याची रबरी कडी काढून उकळली. लाकडी पाट गेला, नवी सुरी आली, टोस्टर शेजारी देऊन टाकला. आमच्या गव्हाच्या पिठाची बरणी आधीपासूनच वेगळी, घट्ट झाकणाची. यांच्या खाण्याचं सगळं दुसऱ्या कपाटात. प्रत्येक वेळी एक गोष्ट बदलायची, वाट बघायची, आणि यांचं पोट पुन्हा तेच उत्तर द्यायचं, हेही नव्हे.

वन्सं म्हणाल्या, "मी सांगत होते, म्हाताऱ्या पोटाला बदाम जड." मी फोन लवकर ठेवला.

एके दिवशी यांनी काप हातात घेतला आणि परत ताटलीत ठेवला. "पोरी, राहू दे आता. तुझा पाव चांगला आहे. माझं पोटच नादुरुस्त." आणि उठून गॅलरीत गेले.

ती तिथंच बसून राहिली. म्हणाली, "आई, माझ्या हातून काहीतरी जातंय. काय ते दिसत नाही." डोळ्यांत पाणी नव्हतं. पाणी आलं असतं तर बरं, असा चेहरा होता.

रविवारी सकाळी ती उठली आणि मला म्हणाली, "आई, आज मिश्रण तुम्ही कालवा. सगळं मापून ठेवलंय. मी काहीही करणार नाही. फक्त बघणार."

"काय बघणार?"

"लिफ्ट राहून राहून अडकते आणि कारण सापडत नाही, अशी एखादी असते. पार्ट बदलून झालेले असतात सगळे. मग आम्ही हत्यारं खाली ठेवतो, आत एक स्टूल टाकून बसतो आणि एक फेरी पूर्ण बघतो. दार लागल्यापासून दार उघडेपर्यंत. काही करायचं नाही. काम करणाऱ्याला आपले हात दिसतात, बाकीचं दिसत नाही." मग म्हणाली, "या पावाची अख्खी फेरी मी कधी बघितलेलीच नाही."

तिनं स्टूल कोपऱ्यात ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसली. यांना गॅलरीतून बोलावून आणायला मुलाला पाठवलं होतं म्हणून हेही आले, नाखुशीनं. "आज काय सूनबाई सुपरवायझर?"

"पगार नाही मिळत बाबा त्याचा."

मी अंडी फेटू लागले. हे फळीपाशी गेले, साचा घेतला, ब्रशानं लोणी लावलं, कोपऱ्यांत दोनदा फिरवलं. बोलणं चालूच. कुठल्याशा गिऱ्हाइकाची गोष्ट, रोज पावाचा तळ वाजवून बघायचा म्हणे. मी हसत होते. साचा तयार झाला, यांनी कडेवर एक टिचकी मारली आणि माझ्यापुढे केला.

सूनबाई उठली. "द्या बाबा. हा जरा बाजूला ठेवते, लोणी एका बाजूला ओघळलंय. दुसरा देते." साचा घेऊन ती मागच्या दाराकडे गेली आणि जाता जाता मला डोळ्यांनी बोलावलं.

मागच्या पायरीवर तिनं तो साचा उन्हात तिरका धरला. "आई, बाबा साच्याला पीठ लावतात."

"लावतातच की," मी म्हटलं. "लोण्यावर पीठ भुरभुरल्याशिवाय पाव सुटेल कसा? बेकरीत तर..."

आणि पुढचं माझ्या तोंडातच राहिलं.

लोण्यावर पातळ पांढरी साय धरावी तसं पीठ बसलं होतं. आमच्या बरणीतलं, गव्हाचं. ओव्हनजवळच्या फळीवरच ती बरणी वर्षानुवर्षं असते. हात वर जातो, अंगठा झाकण उचलतो, चिमूट सुटते, साचा एकदा फिरतो, जास्तीचं सिंकमध्ये झटकलं जातं. एका श्वासात. आणि हे मी आजच नाही, रोज बघत होते. त्यांच्या पाठीशी उभी राहून रोज. पण बेकरीत लग्न होऊन आले तेव्हापासून तेच बघत आलेल्या डोळ्यांना ते दिसणार कसं? आपल्या घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते का कधी?

"अगं पण त्यांना माहीत आहे की गहू..."

"माहीत आहे. त्यांना माहीत आहे, हाताला माहीत नाही."

मी पायरीवर बसले. म्हटलं, "त्यांना सांगू नकोस. बरणी उचलून टाकू. आपण काही बोललोच नाही असं करू. सगळ्या जन्माचा हात आहे तो. त्याच हातानं स्वतःला विष घातलं हे कळलं तर माणूस खचेल."

ती माझ्याजवळ बसली. मग म्हणाली, "आई, बरणी लपवली तर पोट बरं होईल. पण का बिघडलं होतं ते त्यांना कळणार नाही. मग प्रत्येक घासाला भीतीच वाटत राहील. आणि ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका सुधारल्या, त्यांच्यापासून त्यांची चूक लपवायची म्हणजे आपणच त्यांना म्हातारं ठरवायचं. मला नाही जमणार ते."

"मग सांगशील कसं? भांडतील. देवाची शपथ घेऊन सांगतील पिठाला शिवलो नाही म्हणून."

"सांगणार नाही. दाखवणार."

आम्ही आत गेलो. तिनं दुसरा साचा यांच्या हातात दिला आणि या वेळी त्यांच्या शेजारी उभी राहिली. "बाबा, ते तळ वाजवणारं गिऱ्हाईक. पुढे काय झालं त्याचं?"

हे खुलले. "अगं त्याला वाटायचं, वाजला म्हणजे भाजला. एकदा आमच्या एका पोरानं काय केलं..." ब्रश फिरला, कोपरे झाले, ब्रश वाटीत गेला. बोलता बोलता उजवा हात फळीकडे वर गेला. झाकण टिचकन उघडलं. हात साच्यावर आला आणि सूनबाईनं मनगट धरलं. घट्ट नाही, पडणाऱ्या मुलाला धरावं तसं.

"बाबा, थांबा. हात तसाच ठेवा. आणि बघा."

यांनी तिच्याकडे पाहिलं, मग हाताकडे. तीन बोटांच्या चिमटीत पीठ. थोडं साच्यात सांडलेलं.

"हे कधी घेतलं मी?"

"आत्ता."

"रोज?"

"रोज, बाबा."

हे खाली बसले. हात तसाच, चिमूट तशीच. ती कुठे टाकावी तेही त्यांना सुचत नव्हतं. म्हणतात ना, जे नाम जन्मभर घेतलं ते झोपेतही ओठांवर येतं, बोलावावं लागत नाही. यांच्या हाताला पिठाचं नाम लागलं होतं. आम्ही रोज देवाचं नाव घेतो आणि मन बाजारात फिरतं, आणि या माणसाचा हात मन नसताना आपली सेवा करत होता. त्याला चूक तरी कशी म्हणावी? पण ती चूक होती, आणि जीव घेणारी होती.

सूनबाईनं पाण्याचं पातेलं आणलं. यांनी त्यात हात बुडवला. पाणी दुधासारखं झालं.

"आणि मी इतके दिवस तुझ्या पावाला बोल लावला," हे म्हणाले.

"तुम्ही कुठे? तो आत्याबाईंनी लावला. तुम्ही पोटाला लावलात."

यांच्या ओठाची एक बाजू हलली. मग बराच वेळ हात पुसत राहिले. म्हणाले, "मी लक्ष ठेवीन म्हणून उपयोग नाही. लक्ष कुठे होतं तेव्हा? हाताला काय सांगू आता?"

"हाताला दुसरं काम द्या. साच्यात कागद घालायचा. कापून, कोपरे दुमडून."

"कागद शिकाऊ लावतात."

"मग? या पावात आपण दोघंही शिकाऊच की."

यांनी मान हलवली. उठले, ओव्हनजवळ गेले, आणि आपले ते काळे साचे एकात एक घालून उचलले. आम्हाला वाटलं, राग आला. तर म्हणाले, "हेही नकोत. तू बेकिंग पावडरच्या डब्या बदलत बसलीस. या कोपऱ्यांत किती वर्षांचं पीठ भाजून बसलंय ते मला विचारायचं होतंस. तारेनं घासलं तरी निघणार नाही. नवे आण. आणि ब्रशसुद्धा नवा, केसांच्या मुळाशी पीठ राहतं. बरणी खाली शेजारी देऊन टाक. घरात असली तर मी तिथं जाणारच."

सूनबाई ऐकत होती, एकेक गोष्ट. मी तिच्याकडे पाहत होते. तिनं त्यांना सांगितलं नसतं, तर हे सगळं आम्हाला कोण सांगणार होतं?

मुलानं त्याच दिवशी घरातला गहू हलवला. "मी बाहेर खाईन," म्हणाला. "तसाही ऑफिसच्या कॅन्टीनचा पाव बाबांच्या शिव्यांशिवाय खाता येईल." यांनी त्याला खरंच एक शिवी दिली. मला ती मंत्रासारखी वाटली.

हात सहजी सोडत नव्हता. नव्या साच्याला लोणी लावलं की तो आपला रिकाम्या फळीकडे निघायचा. मग हे स्वतःच म्हणायचे, "चल, मागे फिर," आणि त्याला कागदाकडे आणायचे. पहिले कागद वाकडे कापले. चिडायचे. मग एक दिवस कात्री न घेता नुसत्या घड्या घालून असा कागद बसवला की एक सुरकुती नाही. सूनबाईनं तो साचा फिरवून फिरवून पाहिला. "हे मला शिकवा बाबा." "आधी अंडी नीट फेट," हे म्हणाले. "पांढरं वेगळं फेट, मग बघ कसा फुगतो ते. मी कधीचा सांगणार होतो, पण तू मला विचारलंच नाहीस." तिनं वेगळं फेटलं. आणि तो पाव असा फुगून वर आला की ओव्हनच्या काचेपाशी आम्ही तिघंही वाकून बसलो होतो.

कळ थांबली. आधी दिवसातून एखादी, मग तीही नाही. तपासणीला डॉक्टरांनी काट्याकडे दोनदा पाहिलं. म्हणाले, "नळीचं काही काम नाही काका. हेच चालू ठेवा. करतं कोण हा पाव?" यांनी सूनबाईकडे बोट दाखवलं. "ही. लिफ्ट दुरुस्त करते." डॉक्टरांना वाटलं, थट्टा चालली आहे.

त्यानंतरची एक दुपार. मी जेवून जरा पडले होते. डोळा लागतो न लागतो, तोच स्वयंपाकघरातून सुरीचा आवाज आला. पावाच्या कडक सालीवरून सुरी खरखरत जाते तो. मग पुन्हा. मी उठून दारात गेले. हे ओट्यापाशी उभे होते. काप चांगला दोन बोटं जाडीचा कापलेला, वर लोणी, लोण्यावर मिठाचे खडे. उभ्या उभ्याच खात होते, दाढीला चुरा लागलेला.

"अहो, आत्ताच तर जेवलात."

"भूक लागली," हे म्हणाले. आणि दुसऱ्या कापाला सुरी लावली.

मी तिथंच दाराला टेकून उभी राहिले. कितीतरी महिन्यांत हा शब्द या घरात कुणी ऐकला नव्हता.

थोड्या वेळानं सूनबाई कामावरून आली. बूट काढले, पट्टा खुंटीला अडकवला, आत डोकावली. यांच्याकडे पाहिलं, मग पावाच्या उरलेल्या तुकड्याकडे पाहिलं.

"आई, बदाम आहेत ना?" म्हणाली. "अंधार पडायच्या आत अजून एक लावावा लागेल." आणि हात धुवायला गेली.